दारात सडा पडला होता

लकवा मारलेल्या माणसाला पहिली गोष्ट ही कळते की लोक त्याच्याशी मोठमोठ्याने बोलू लागतात. माझे कान ठणठणीत होते. गेली होती ती जीभ, उजवा हात आणि थोडाफार उजवा पाय. पण भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच ओरडायचा, "काऽकू! ओळखलं का मलेऽ?" मी मनात म्हणायचे, बाबा रे, तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी मीच ओढली होती, न ओळखायला काय झालं?

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहिते आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलामुलींसाठी. औषधांची नावं यात सापडायची नाहीत. ती डॉक्टरांना विचारावीत, आणि ते घाईत असले तर पुन्हा विचारावीत.

माझं नाव सुलभा. मी देवळीची. नोकरी वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, रोज बसने जाऊन-येऊन. तरुण वाचकांना सांगायला हवं की एके काळी फोन आपोआप लागत नसत, कोणीतरी बाई ते जोडून देत असे. ती बाई मी. माझा आवाज स्वच्छ होता, आणि मला त्याचा गर्व होता. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, मुग्धा, पुण्याला असते. घरात मी एकटीच, पण एकटेपणा मला कधी फारसा चावला नाही, कारण मधल्या भिंतीपलीकडे ज्योती राहते.

ज्योती शेजारच्या घरची सून. नवरा बियाण्यांच्या दुकानात कामाला. तिची सासू वारली तेव्हापासून तिने मला आपसूक त्या जागी बसवून टाकलं, म्हणजे रुसायला आणि भाजीची वाटी द्यायला एक हक्काचं माणूस. माझी आंघोळ झाली की नाही, मी कुकर लावला की नाही, हे तिला भिंतीपलीकडून कळतं. मला तिच्या घरातलं कळतं. आम्ही दोघीही ते एकमेकींना दाखवत नाही.

हसून दाखवा

त्या दिवशी मी गॅसच्या सिलिंडरवरून फोनवर भांडत होते. उन्हाळा होता, सिलिंडर येतो-येतो म्हणून आठवडा घालवला होता, आणि मी त्या मुलाला चांगलं फैलावर घेतलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, "मॅडम, नीट बोला ना. काही समजून नाई राह्यलं." मला वाटलं, याचीच लाईन खराब. मी पुन्हा बोलले, आणि या वेळी माझा मलाच आवाज ऐकू आला. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. मग हातातला फोन खाली पडला. मी तो सोडला नव्हता, हाताने परस्पर सोडला होता.

फोन पडल्याचा आवाज ऐकून ज्योती आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बाहेर पळाली. ऑटो घेऊनच परतली. वर्ध्यापर्यंत ती माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत होती, आणि मला त्यातलं काहीच जाणवत नव्हतं. तो हात माझा आहे हे फक्त बांगड्यांवरून कळत होतं.

मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर आले. म्हणाले, "आजी, हसून दाखवा." मी आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून हसले नाही, पण हसले. त्यांनी मान हलवली. ज्योतीने तोंडाला पदर लावला. अर्धंच तोंड हसलं होतं. "पॅरालिसिसचा झटका आहे," ते ज्योतीला म्हणाले, "पण लवकर आणलंत, हे फार चांगलं केलं." ज्योती म्हणाली, "मी काई केलं नाई जी, मी फकस्त आणलं."

त्या वेळी मला मरणाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती अशी राहून जाण्याची, अर्ध्या तोंडाने.

वॉर्डातली वेणी

हॉस्पिटलचा दिवस पहाटे पोछ्याने सुरू होतो. फिनाईलचा वास आला की समजायचं, उजाडलं. मग ताप, बीपी, सुई. मग राऊंड, म्हणजे पाच-सहा जण पलंगाभोवती उभे राहून आपल्याबद्दल आपल्यासमोर बोलतात. मग पातळ वरण. मला घास गिळताना ठसका लागायचा, म्हणून सगळं पातळ. तिखटाशिवाय जेवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

शेजारच्या पलंगावर रोहणा गावच्या एक आजी होत्या. त्यांना भेटायला कधी सून, कधी भाचा, कधी नुसतेच गावचे लोक यायचे आणि येताना शिदोरी आणायचे. आजी माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "त्या बाईले बी द्या, तिची पोरगी पुन्यावरून येऊन राह्यली." मला ते खाता येत नव्हतं. पण ती भाकरी कागदात बांधून माझ्या उशाशी रोज ठेवली जायची, आणि मला बरं वाटायचं.

आणखी एक सांगते. माझे केस दाट आहेत, या वयातही. पलंगावर पडून पडून त्यांचा गुंता झाला होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वॉर्डातल्या आयाबाई, ज्यांचं काम भांडं देणं आणि चादरी बदलणं, त्या दुपारी कंगवा घेऊन माझ्या डोक्याशी बसल्या. तेल लावलं, गुंता सोडवला, घट्ट वेणी घातली. कोणी सांगितलं नव्हतं. मी रडले, तर म्हणाल्या, "ओढल्या गेले का केस?" मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून काहीतरी भलतंच आलं. त्यांनी वेणीला माझ्याच हातरुमालाची चिंधी बांधली आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

मुग्धा आली ती तोंड सुकवून. आल्या आल्या तिने सगळा कारभार हातात घेतला. फाईल, औषधं, डॉक्टरांचे फोन. मी काही म्हणू लागले की पहिला शब्द ऐकून उरलेलं तीच पुरं करायची. "पा..." म्हटलं की पाणी. मला पाय हलवून हवा असायचा. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून मी पाणी पिऊन टाकायचे.

दिवाळीपर्यंत

घरी आल्यावर मुग्धा बराच काळ माझ्याजवळ राहिली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ऑफिस करायची. मधेच मला उठवायची, बसवायची, संडासला न्यायची. तिकडे नातवाचं दहावीचं वर्ष. एक दिवस तिच्या हातून दुधाचं पातेलं उतू गेलं, त्याच वेळी ऑफिसचा फोन आला आणि त्याच वेळी मी हाक मारली. ती खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "आई, मी एका वेळी किती ठिकाणी असू?" आणि माझ्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली. मी डाव्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. आजारी माणसाच्या घरात एक जण पलंगावर असतो आणि दुसरा उभ्याउभ्या आजारी असतो. मुलांनो, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

तिचं म्हणणं एकच होतं, पुण्याला चल. तिथे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवू, हॉस्पिटल जवळ आहे. सगळं खरं होतं. पण मला माझं घर हवं होतं. मला माझी बाथरूम हवी होती, जिथे कुठे हात टेकायचा ते अंधारातही कळतं. मला भिंतीपलीकडची ज्योती हवी होती.

शेवटी तह झाला. दिवाळीपर्यंत मी देवळीत राहून बघायचं. मधे काही झालं, एकदा जरी पडले, तरी बिनबोभाट पुण्याला जायचं आणि घराला कुलूप लावायचं. "एकदा जरी," मुग्धा बोट उभं करून म्हणाली. मी मान डोलावली. मान तेवढी पूर्ण चालत होती.

केंद्र

या तहामागे आमच्या गावातलं ज्येष्ठांचं केंद्र होतं. जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत काही निवृत्त मंडळींनी आणि बायांनी मिळून ते सुरू केलं आहे. तिथे सकाळी म्हातारी माणसं गोल बसून टाळ्या वाजवतात आणि हसतात. आजारपणाआधी मी तिकडे फिरकले नव्हते. मला वाटायचं, ज्यांना घरात कोणी ऐकत नाही ते तिथे जाऊन हसतात. आता मला घरात कोणी ऐकणारंच नव्हतं, आणि ऐकवण्याजोगा आवाजही नव्हता.

पण टाळ्यांपलीकडे केंद्राचं खरं काम होतं. दुपारी डबा यायचा, माझ्यासाठी वेगळा, मऊ. मंगळवारी फिजिओथेरपीचे डॉक्टर यायचे. आणि रोज सकाळी वंदना यायची. केंद्राच्या ज्या बाया एकट्या म्हाताऱ्यांकडे जातात त्यांना गावात सोबतीण म्हणतात. वंदना चाळिशीची, खणखणीत, स्कूटीवर सगळी आळी पालथी घालणारी. मला मावशी म्हणते.

तिच्याकडे घरं पुष्कळ होती. प्रत्येकाकडे रोज बसायला वेळ कुठला? म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. एकट्या माणसाने सकाळी उठलं की दारात एक खूण करायची. कोणी खिडकी उघडायची, कोणी बाहेरचा दिवा मालवायचा. चौकातले बोबडे काका गेटवर टॉवेल टाकायचे. बायांची खूण ठरलेली, सडा-रांगोळी. सडा दिसला म्हणजे माणूस उठलं, चालतंय. वंदना पुढे जायची आणि दुपारी निवांत भेटायला यायची. सडा नसेल तर दार वाजवायची.

माझ्या सड्याचं फिजिओच्या डॉक्टरांनी औषधच करून टाकलं. म्हणाले, "उजव्या हाताच्या चिमटीत रांगोळी धरायची. रोज. हाच तुमचा व्यायाम." त्यामुळे रोज सकाळी मी डाव्या हाताने मगातलं पाणी शिंपडायचे, दाराच्या चौकटीला टेकून स्टुलावर बसायचे आणि उजव्या हाताने एक रेघ ओढायचे. कधी ती रेघ व्हायची, कधी सांडलेलं पीठ. ज्योती तिच्या दारातून बघायची आणि हसू दाबायची. "काकू, आज तं सापच निघाला," म्हणायची. मी डोळे वटारायचे. डोळे दोन्ही वटारता येतात, याचा आनंद तुम्हाला कळायचा नाही.

पोळ्याची सकाळ

पोळ्याच्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. संध्याकाळी बैल दारावर येतात, त्यांचे पाय धुवायचे, पुरणाचा घास द्यायचा. मला पुरण काही जमणार नव्हतं, पण रात्री खाली पाटावर भिजत घातलेली डाळ ज्योतीकडे द्यावी, एवढा हुरूप आला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पायपुसणं होतं. उजवा पाय त्यात अडकला. मी डाव्या हातावर पडले. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

उठता येईना. डावा हात सुजत चाललेला, उजव्यात जोर नाही. फोन पलंगावर. मी हाक मारली. माझ्या आताच्या आवाजात, घशातल्या घशात. चौकात लाऊडस्पीकर सुरू झाला होता.

मग मला दारात खराट्याचा आवाज ऐकू आला. नंतर पाण्याचा सपकारा. बांगड्या. मला बांगड्यांवरून ज्योती कळते. ती माझ्या अंगणात सडा टाकत होती.

मला क्षणात सगळं कळलं. सणाच्या दिवशी काकू अजून उठल्या नाहीत, दमल्या असतील, झोपू दे, पण पोळ्याला दार सुनं राहू नये. एवढाच विचार तिने केला असणार. आमच्याकडे कोणीही बाई हाच विचार करील. मीही केला असता. आणि त्या मायेनेच ती माझ्या दारात लिहून ठेवत होती की आत सगळं ठीक आहे.

मी जीव एकवटून "ज्योती" म्हणाले. निघालं ते "ओई". तेही गाण्यात बुडालं. ती निघून गेली. थोड्या वेळाने वंदनाची स्कूटी आली, दारापाशी मंद झाली आणि पुढे गेली.

तो आवाज लांब जाताना ऐकला तेव्हा मी खरी घाबरले. झटक्याच्या दिवशी घाबरले नव्हते इतकी. दुखण्याची भीती नव्हती. आता दिवाळी नाही, घर नाही, कुलूप, एवढंच डोक्यात येत होतं. मी फरशीवर गाल टेकवून पडले आणि लहान पोरीसारखी रडले. भिजत घातलेली डाळ डोळ्यांसमोर होती. ती फुगून वाटीच्या वर आली होती.

मग स्कूटी परत आली. या वेळी थांबली. दारावर थाप पडली. "मावशी! ओ मावशी! ही रांगोई कोनं काढली?" मी पायाने ओट्याखालचं भांडं लोटलं. ते गडगडलं. "आईवं!" वंदना बाहेर ओरडली, आणि मग मागच्या दाराची कडी तुटल्याचा आवाज आला.

ती पुढच्या आळीत चहा घेत होती म्हणे. कप तोंडाला लावला आणि एकदम आठवलं. नंतर तिने मला सांगितलं, "मावशी, तुमची रेघ इकडे जाते, तिकडे जाते, मधातच झोपते. आन् आज तं दारात झुलीसकट बैलजोडी उभी. मी म्हटलं, एका राती मावशीचा हात इतका सुदरला कसा?"

भिंतीपलीकडे

डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. म्हणजे चालता हात प्लास्टरमध्ये आणि न चालणारा मोकळा. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुग्धा आली. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरत होती, त्यांच्यातून वाट काढत. तिने मला पाहिलं, जवळ घेतलं, आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

मग ती शेजारी गेली. मला ऐकू येत होतं. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. "तुला कोणी सांगितलं होतं सडा टाकायला? ती तिची खूण होती, तुला माहीत होतं ना?"

ज्योती म्हणाली, "ताई, मले वाटलं काकू झोपल्या असान. पोयाच्या दिवशी दार तसंच..."

"ती मेली असती."

मुग्धा परत येऊन बॅग भरू लागली. ज्योती आली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. तिच्या घरात भांडीसुद्धा हळू ठेवली जाऊ लागली. जिने मला उन्हात ऑटोत घालून नेलं, हात चोळत, ती पोर आता माझ्या दाराकडे पाहायला भीत होती. मला मुग्धाचा राग आला. मला तिला खूप काही सुनवायचं होतं. पण राग आला की माझी जीभ आणखीच जड होते. ही एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती, म्हणून मी सांगते. लकव्यानंतर भांडता येत नाही. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यासाठी सगळे निर्णय दुसरेच घेतात.

मुग्धाने सुट्टी वाढवली आणि सामान आवरायला घेतलं. तेवढ्या दिवसांत घरी येणं-जाणं सुरूच होतं. वंदना मला दोन वेळ भरवायला यायची. बोबडे काका पेपर वाचून दाखवायला यायचे. बातम्या कमी आणि त्यांची मतं जास्त. मंगळवारी डॉक्टर आले. डबा आला, त्यात कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी कुस्करलेली पुरणपोळी दुधात घालून पाठवली होती. मुग्धा कपाटातली लुगडी बाहेर काढायची, आणि कोणी आलं की हातातलं लुगडं मांडीवर घेऊन बसायची.

एक दिवस ती वंदनाला म्हणाली, "तुमच्यावर विश्वास टाकून मी गेले होते."

मला वाटलं, वंदना ज्योतीवर ढकलेल. ती पटकन ढकलू शकली असती. ती माझ्या ओठांना लागलेलं पुसत म्हणाली, "चूक माई हाय, ताई. त्या पोरीले काऊन दोष देता? तिनं मायेनं केलं. मी सडा पाह्यला, मानूस नाई पाह्यलं. आमी बसलो होतो काल साऱ्या. आता आवाज ऐकल्याबिगर पुढं जायाचं नाई, असं ठरवलं. दारात उभं राहून हाक मारायची, आन् आतून ओ आली पाह्यजे. कोनाची बी असो, कशी बी असो, पन ज्याची त्यानं द्यायची."

मुग्धा मांडीवरच्या लुगड्याची घडी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी थांबली. "मावशीऽ!" मी पलंगावरून म्हणाले, "ओ." वेडंवाकडं, घोगरं. बाहेरून वंदना म्हणाली, "ऐकू आलं. चालली मी." एके काळी माझ्या आवाजावर मुंबई-कलकत्ता जोडलं जायचं. पण नुसता आवाज ऐकून कोणाला इतकं बरं वाटल्याचं मला आठवत नाही.

त्या दुपारी बॅगेची चेन लावायची तेवढी राहिली होती. मी मुग्धाला माझ्याजवळ बसायला खुणावलं. मी म्हणाले, "पुण्याला मी..." ती म्हणाली, "हो, पुण्याला तुला..." आणि थांबली. मग तिने मला बोलू दिलं. मी सावकाश, एकेक शब्द धरून बोलले. ते वाक्य बोलायला मला इतका वेळ लागला की मधेच बाहेर शेंगदाणेवाला येऊन गेला.

"पुण्याला मी पडणार नाही. कारण मी उठणारच नाही. इथं मी पडेन. पण इथं मला कोणी तरी हाक मारतं."

मुग्धा बराच वेळ माझ्या प्लास्टरवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "आमच्या मजल्यावर समोर कोण राहतं, मला अजून माहीत नाही." मग म्हणाली, "आई, मला फार भीती वाटते गं."

"मलाही," मी म्हणाले. हा शब्द मात्र एकदम स्पष्ट आला.

आम्ही दोघी रडलो, आणि मग तिने बॅगेतली लुगडी पुन्हा कपाटात लावली. चुकीच्या कप्प्यात लावली, पण मी काही बोलले नाही.

जाताना

मागचं दार दुरुस्त करायला सुतार आला तेव्हा मुग्धाने आतली कडीच काढून टाकायला लावली आणि बाहेरून चावीने उघडेल असं कुलूप बसवलं. त्याच्या दोन चाव्या. एक केंद्रात द्यायची, असं वंदनाने सांगितलंच होतं.

प्लास्टर निघाल्यावर मुग्धा पुण्याला निघाली. मी काठी घेऊन दारापर्यंत आले. तिने बॅग ऑटोत ठेवली, माझ्या पाया पडली, आणि ऑटोवाल्याला "दोन मिनिटं हं" म्हणून शेजारच्या फाटकातून आत गेली.

ज्योती अंगणात धान्य निवडत बसली होती. मुग्धाला पाहून ती दचकून उठली, सूप हातातच. मी इतक्या दिवसांनी तिचा चेहरा पाहिला. वाळली होती.

मुग्धाने तिच्यापुढे चावी धरली. "ज्योती, ही तुझ्याकडे ठेव."

ज्योतीने हात पुढे केलाच नाही. "मले नका देऊ, ताई. वंदनाताईले द्या. माया हातून एकदा..."

"वंदनाताईंना एक दिली आहे," मुग्धा म्हणाली. "ही तुझी. पहिल्या वेळी आईला तूच दवाखान्यात नेलं होतंस. त्याचे आभार मानायचे राहिले, आणि तुला बोलून मात्र बसले. आता दाराशी थांबू नकोस. सरळ आत जात जा."

ज्योतीने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि चावी घेतली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि ऑटोवाल्याची दोन मिनिटं कधीच संपून गेली.

ऑटो वळणावरून दिसेनासा झाला तशी मी आत येऊन पलंगावर बसले. मागच्या दारात चावी फिरली. "काकू," ज्योती स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा टाकू का?"

"टाक," मी म्हणाले, "आणि साखर नीट घाल."

शब्द वेडेवाकडेच आले, पण तिला सगळं कळलं.